छोट्या आगगाडीचा संच माळ्यावर का जातो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १६ एप्रिलच्या आसपास १८५३ सालच्या बोरीबंदर–ठाणे गाडीची आठवण वर्तमानपत्रांतून निघते. चौदा डबे, साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, ३४ किलोमीटरचा प्रवास. त्याच सुमारास शाळांना सुट्ट्या लागतात आणि ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळकडच्या काही घरांत विजेवर चालणाऱ्या छोट्या आगगाडीचा संच येतो. मे महिनाभर तो दिवाणखान्याच्या फरशीवर अंडाकृती फेऱ्या मारतो. जूनमध्ये पाऊस लागला की गाडी अडखळायला लागते आणि गणपतीच्या साफसफाईत संच खोक्यासकट माळ्यावर जातो. मुलांचं लक्ष उडालं, असं मग घरातली माणसं म्हणतात. आम्ही घरी अशा छोट्या रेल्वेची मांडणी करणारी मंडळी आहोत. आमच्या मते यात मुलांचा वाटा थोडा. मोठा वाटा फरशीचा, त्या अंडाकृती वळणाचा आणि इथल्या दमट हवेचा. आपल्या लोकलकडे नीट पाहिलं तर तिन्हींवर उपाय सापडतो. तो सविस्तर कळवावा म्हणून हे पत्र.

फरशीचं आधी संपवू. जमिनीलगत केस, कापसाचे तंतू आणि पंख्याने उडालेली धूळ असते. ती आसांना गुंडाळली जाते आणि तिथून मोटरच्या दातेरी चक्रांत शिरते. शिवाय रोज जोडून रोज मोडल्याने रुळांच्या टोकाच्या धातूच्या जोडपट्ट्या सैल होतात आणि वीज पुढे जाईनाशी होते. म्हणून मांडणी कायमची आणि जमिनीपासून वर हवी. यात चर्चेला फारसं काही नाही.

अंडाकृतीचा मुद्दा मात्र मोजून पाहण्यासारखा आहे. बाजारात सर्वाधिक मिळणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. त्याचं रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. संचाबरोबर येणाऱ्या वळणाची त्रिज्या बहुधा ३६० ते ४४० मिमी असते. आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा जुन्या बनावटीचा डबा (आयसीएफ) २१.३ मीटर लांब, नव्या बनावटीचा (एलएचबी) २३.५ मीटर. म्हणजे एचओत अनुक्रमे २४५ आणि २७० मिमी. हौशी मंडळींचा जुना ठोकताळा असा की वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान अडीचपट हवी आणि डोळ्यांना बरं दिसायला तिप्पट. आयसीएफ डब्यासाठी हा आकडा ६१० ते ७३५ मिमीवर जातो. ७३५ मिमी त्रिज्येचं पूर्ण वळण बसवायला दीड मीटरहून रुंद टेबल लागतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते कोण देणार? मग लांब डबे घट्ट वळणावर चालवले जातात, कपलिंग (डबे जोडणारी कडी) बाजूला खेचलं जातं आणि हलका मधला डबा वळणाच्या आतल्या बाजूला आडवा होतो. अशा वेळी दोष गाडीला दिला जातो.

आता लोकल पाहा. ठाण्याच्या ९-१० नंबरच्या फलाटांवर वाशी-पनवेलकडची गाडी येते, मोटरमन एका टोकाची केबिन सोडून दुसऱ्या टोकाला जातो आणि तीच गाडी उलट निघते. इंजिन सोडायचं नाही, फिरवायचं नाही, वळसा घालायचा नाही. घरात मांडायला याहून सोयीची गाडी नाही. हिला वर्तुळ लागतच नाही. भिंतीला लावलेली एक सरळ, अरुंद फळी पुरते. एका टोकाला स्थानक, दुसऱ्या टोकाला नजरेआड दडवलेलं यार्ड आणि मध्ये उघडा मार्ग. गाडी स्थानकातून निघते, पलीकडे दिसेनाशी होते, थोड्या वेळाने दुसरी येते. बघणाऱ्याला ती कुठूनतरी आल्यासारखी वाटते. गोल फिरणाऱ्या गाडीत ही गंमत नाही.

लांबीचा हिशेब असा. उपनगरी डबा सुमारे २०.७ मीटरचा, एचओत २३८ मिमी. बारा डब्यांची पूर्ण गाडी जवळजवळ २.९ मीटर होईल, म्हणजे दहा फुटांची अख्खी भिंत गाडीच व्यापून टाकील. तीन डब्यांचा रेक ७३ सेंमी भरतो. दहा फूट म्हणजे ३०५ सेंमी. त्यातला फलाट ८० सेंमी, एक सांधा (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारा रुळांचा फाटा) २२ सेंमी, उघडा मार्ग ८५ सेंमी, दुसरा सांधा २२ सेंमी, लपवलेलं यार्ड ८० सेंमी आणि दोन्ही टोकांना अडथळ्यासाठी पाच-पाच सेंमी. बेरीज २९९. फळीची रुंदी ३० सेंमी. सांधे एकूण दोनच. स्थानकात दोन मार्ग, यार्डात दोन मार्ग. सांधे घेताना २४ इंच त्रिज्येचे छोटे घेऊ नयेत, ३६ इंचांचे मध्यम घ्यावेत. लांब डबे छोट्या सांध्यावरून जाताना शेजारच्या डब्यांची टोकं इतकी विरुद्ध दिशांना सरकतात की कपलिंग अडकतं.

यापेक्षा लहान एन प्रमाण (१:१६०, रूळ ९ मिमी) घेतलं तर नऊ डब्यांची गाडी ११७ सेंमीत बसते आणि त्याच भिंतीवर दोन्ही टोकांना मावते. फक्त मधल्या मार्गाला फारशी जागा उरत नाही. शिवाय एनचे डबे हलके, चाकं बारीक. रुळावर थोडी काजळी आली तरी गाडी थांबते. खाडीकाठच्या हवेत पहिली मांडणी एचओतच करावी, असं आमचं मत आहे. पूर्ण लांबीच्या गाडीचा हट्टच असेल त्याने एन घ्यावं आणि रोज रूळ पुसायची तयारी ठेवावी.

एक खटकणारी गोष्ट आधीच सांगून टाकतो. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी. १:८७ ने भागलं तर १९.३ मिमी येतं, आणि एचओचा रूळ आहे १६.५. जगात सर्वाधिक वापरातल्या १४३५ मिमीच्या गेजसाठी तो बनलेला. त्यामुळे आपली ३.६६ मीटर रुंद लोकल, जी एचओत ४२ मिमी भरते, समोरून पाहिली की पाय जवळ घेऊन उभी असल्यासारखी दिसते. काही चोखंदळ मंडळी १९.३ मिमीचे रूळ हाताने घालतात. पण मग प्रत्येक सांधा, प्रत्येक आस स्वतः बनवावा लागतो. पहिल्या मांडणीला हा उद्योग करू नये. बाजूने पाहताना फरक कळत नाही आणि फळी डोळ्यांच्या उंचीवर असेल तर गाडी बाजूनेच दिसते. म्हणून फळी जमिनीपासून ११० ते १३० सेंमीवर घ्यावी. लादी पुसणाऱ्याचा ओला फडकाही तिथे पोचत नाही.

लाकूडकामात कंजूषी केली की पुढचं सगळं फुकट. एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत असतो, पण पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि रूळ वर-खाली होतात. १२ मिमी जाडीचं पाण्यात टिकणारं प्लायवूड घ्यावं. मरीन प्लायवर आयएस ७१० आणि बीडब्ल्यूआर प्लायवर आयएस ३०३ असा शिक्का असतो, तो बघून घ्यावा. आठ बाय चारच्या एका तक्त्यातून ३० सेंमी रुंदीच्या चार पट्ट्या निघतात. दोन पट्ट्यांतून १०१ सेंमीचे तीन तुकडे काढायचे, उरलेल्यातून सात सेंमी उंचीच्या कडा आणि खालच्या आडव्या पट्ट्या. आडव्या पट्ट्या दर ३० सेंमीला हव्यातच. त्या नसतील तर पहिल्याच पावसाळ्यात फळीला पोक येतो. असा एक तुकडा चार किलोच्या आसपास भरतो, एकट्या माणसाला सहज उतरवता येतो. घर बदललं, रंगकाम निघालं, तर हीच सोय कामी येते. रंग लावताना वरच्या बाजूपेक्षा खालची बाजू आणि कापलेल्या कडा महत्त्वाच्या. दमटपणा तिथूनच शिरतो. प्रायमरचे दोन हात सगळीकडून द्यावेत.

तुकडे एकमेकांना जोडताना नुसत्या बोल्टवर विसंबू नये. आठ मिमीचा बोल्ट भोकात अर्धा-एक मिमी हलतो आणि रुळाला तेवढं अंतर घसरायला पुरेसं असतं. सोपा उपाय हार्डवेअरच्या दुकानातच आहे: काढता येणाऱ्या खिळ्याची बिजागरी. दोन्ही बाजूंना एकेक लावली की खिळा घातल्यावर तुकडे दर वेळी त्याच जागी बसतात. फळीचे दोन तुकडे जिथे मिळतात तिथे रुळांच्या टोकाखाली पितळी स्क्रू ठोकून त्यांच्या डोक्यावर रूळ सोल्डर करावेत आणि मगच करवतीने काप द्यावा. आधी कापून मग जुळवायला गेलं तर ते कधीच जुळत नाहीत. भिंतीवर दर ६० सेंमीला लोखंडी ब्रॅकेट. ओल धरणारी बाहेरची भिंत टाळावी. टाळता येत नसेल तर फळी आणि भिंत यांत इंचभर फट ठेवावी म्हणजे हवा खेळते.

रुळांखाली तीन मिमीचं कॉर्क. रूळ निकेल-सिल्व्हरचे घ्यावेत. पोलादी रूळ स्वस्त संचांत येतात आणि जुलैत त्यांच्यावर तांबूस डाग दिसायला लागतात. पितळी रूळ काळे पडतात. लवचीक रुळाची लांबी बहुधा ९१४ मिमी असते. जोडताना फट किती ठेवायची हे ऋतूवर आहे. थंडीत काम करत असाल तर अर्धा मिमी, मेच्या उकाड्यात जवळजवळ शून्य. एका मीटरचा रूळ वीस अंश तापमानवाढीने साधारण एक तृतीयांश मिमी वाढतो. फट नसेल तर रूळ उन्हाळ्यात सापासारखा वळतो, फार असेल तर चाक तिथे आपटतं.

विजेचं काम हा या छंदाचा कणा आहे आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. फळीखालून १.५ चौरस मिमीच्या दोन तारा, एक लाल एक काळी, टोकापासून टोकापर्यंत न्याव्यात. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, मग तो चार बोटांचा का असेना, स्वतःच्या दोन बारीक तारा (०.५ चौरस मिमी) खालच्या तारांना जोडाव्यात. रुळांच्या जोडपट्टीवर वीज सोपवू नये. ती आज चालते, ऑगस्टमध्ये तिच्या पोटात गंज धरतो आणि गाडी रोज वेगळ्या ठिकाणी थांबते. सोल्डर करताना रुळाची बाहेरची बाजू कानसने घासून चकचकीत करावी, तारेचं टोक आणि रूळ दोन्हींना आधी वेगवेगळा डाख द्यावा, मग एकत्र धरून दोन-तीन सेकंदांत काम उरकावं. दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवला तर प्लास्टिकचे स्लीपर वितळत नाहीत. २५ वॉटच्या सोल्डरिंग इस्त्रीने रूळ लवकर तापत नाही, म्हणून ती जास्त वेळ टेकवली जाते आणि स्लीपर जातात. ६० वॉटची बरी. फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचा पदार्थ) राळेचाच. आम्लाचा फ्लक्स चटकन धरतो, पण उरलेला अंश दमट हवेत तार खाऊन टाकतो. सहा महिन्यांनी तार हातात येते.

वीज १२ व्होल्ट डीसी. अडॅप्टर शिक्क्याचाच, आणि घरच्या २३० व्होल्टची कोणतीही जोडणी फळीखाली नेऊ नये. त्या अडॅप्टरच्या एका तारेत स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब मालिकेत जोडून ठेवावा. गाडी नीट चालत असताना तो पेटत नाही किंवा जेमतेम लालसर होतो. गाडी घसरून रूळ एकमेकांना चिकटले की बल्ब भकदिशी पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही. फ्यूज बदलायला नको आणि शॉर्ट कुठे आहे ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतं. काम संपल्यावर रुपयाचं नाणं रुळांवर आडवं ठेवत टोकापर्यंत जावं. प्रत्येक ठिकाणी बल्ब सारखाच लखलखीत पेटला पाहिजे. जिथे मंद पेटेल तिथला डाख कच्चा आहे.

लोकल टोकाला जाऊन अडथळ्यावर आपटू नये म्हणून एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) पुरतो. फलाटाच्या टोकाकडचा एकच रूळ कापून वेगळा करायचा आणि कापावर १एन५४०८ डायोड जोडायचा. गाडी आत येताना डायोड वीज अडवतो, गाडी थांबते; रेग्युलेटर (गाडीचा वेग आणि दिशा ठरवणारा) उलटा केला की तोच डायोड वीज जाऊ देतो आणि गाडी बाहेर निघते. काप नेमका कुठे? मोटरच्या डब्याच्या वीज घेणाऱ्या शेवटच्या चाकांनी काप ओलांडला की गाडी थांबते, त्यामुळे रेक फलाटावर हवा तिथे उभा करून, त्या चाकांच्या जरा मागे खूण करावी. दिव्यांसाठी बाकीच्या डब्यांतूनही वीज मोटरला जोडलेली असेल तर हिशेब त्या डब्यांच्या चाकांवरून होतो. हे विसरल्याने बरेच जण डायोडला दोष देतात. डायोड उलटा बसला तर गाडी थेट अडथळ्यावर जाते आणि परतही येत नाही. यार्डाकडे हीच जोडणी उलट दिशेने. पुढे एक टायमर आणि डीपीडीटी (दोन्ही तारांची एकदम अदलाबदल करणारा) रिले लावला की दर मिनिटाला दिशा आपोआप बदलते आणि गाडी दिवसभर ये-जा करते. रिले, डायोड, टायमरचं सर्किट मुंबईत लॅमिंग्टन रोडला एकाच फेरीत मिळतं. सांध्यांची निवड करताना ज्या बाजूला सांधा वळलेला आहे तिकडेच वीज देणारे सांधे घ्यावेत. म्हणजे शेजारच्या मार्गावर उभी गाडी वेगळ्या स्विचशिवाय निपचित राहते आणि दोन रेक आलटून पालटून चालतात.

डिजिटल पद्धत, म्हणजे डीसीसी, घ्यावी का असं विचारलं जातं. दोन गाड्यांच्या फळीला गरज नाही. तिथे प्रत्येक मोटरला डिकोडर (रुळांतून आलेली आज्ञा ओळखणारं छोटं सर्किट) लागतो आणि वर सांगितलेली डायोडची युक्ती तशीच्या तशी चालत नाही. पण पुढे एकाच रुळावर अनेक गाड्या, दिवे, हॉर्न हवे असतील तर आर्डुइनो मेगा आणि मोटर शील्डवर चालणारी डीसीसी-ईएक्स ही खुली प्रणाली घरी जमवता येते. डीसी आणि डीसीसी एकाच रुळाला एकाच वेळी कधीही जोडू नयेत. डिकोडर जळतो.

नवी मुंबईकरांना एका मोहापासून सावध करायचं आहे. तुर्भे सोडल्यावर मार्ग फुटतो. एक फाटा सानपाड्याला वाशीकडे, दुसरा जुईनगरला नेरूळ-पनवेलकडे. सानपाडा–जुईनगर हार्बर मार्गाने जोडलेलेच आहेत. झाला त्रिकोण. नकाशावर हा इतका देखणा दिसतो की फळी वाढवायची वेळ आली की पहिला विचार त्याचाच येतो. रूळ जुळवून वीज दिली की बल्ब पेटतो आणि गाडी हलत नाही. कारण साधं आहे. खऱ्या लोकलला वीज वरच्या तारेतून मिळते आणि परत जाते ती रुळांतून. दोन्ही रूळ एकाच बाजूचे असतात, त्यामुळे त्रिकोणाने काही बिघडत नाही. आपल्या गाडीला मात्र एक रूळ धन, दुसरा ऋण. त्रिकोणाच्या तीन बाजू फिरून आलं की डावा रूळ उजव्याला भेटतो. एका बाजूचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना कापायचे, त्या तुकड्याची लांबी संपूर्ण रेकपेक्षा जास्त ठेवायची आणि त्याला वेगळा डीपीडीटी स्विच द्यायचा. तुकडा रेकहून आखूड ठेवला तर गाडीची धातूची चाकं दोन्ही काप एकदम जोडतात आणि पुन्हा शॉर्ट. पळवाट नाही.

डब्यांकडे वळू. तयार मुंबई लोकल दुकानात सहज मिळत नाही. थ्रीडी छपाईची किंवा जाड कागदाची बॉडी करून ती परदेशी यंत्रणेवर बसवतात. छपाई पीएलएत असेल तर लक्षात ठेवावं की ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या डब्याचं छप्पर बसतं. अशा बॉडी हलक्या असतात आणि हलका डबा सांध्यावर उडी मारतो. अमेरिकन हौशींच्या संघटनेचा, एनएमआरएचा, एचओसाठीचा जुना हिशेब एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस असा आहे. आपल्या २३८ मिमीच्या डब्याला म्हणजे १६० ग्रॅम. कमी पडेल तेवढं वजन मध्यभागी, जमेल तितकं खाली, दोन्ही बोगींवर (डब्याखालच्या चाकांच्या जोडण्यांवर) सारखं. मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजनं सोयीची पडतात, पण ती हाताळल्यावर हात धुवावेत आणि मुलांच्या हाती देऊ नयेत. चाकं धातूचीच लावावीत. प्लास्टिकची चाकं रुळावर काळी काजळी जास्त पसरवतात. आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्निअरने मोजावं, १४.४ ते १४.५ मिमी हवं. डबा फक्त सांध्यावरच उतरत असेल तर दहापैकी आठ वेळा हेच अंतर चुकलेलं असतं आणि सांधा उगाच उखडला जातो.

खडीसाठी समुद्राची वाळू नको. कितीही धुतली तरी मीठ राहतं. दगडखाणीची काळी कच इथे सहज मिळते, रंगही आपल्या डोंगराचा. पण आधी ती कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवावं. आपला काळा पाषाण बेसाल्टचा. त्यात लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात. ते कण गाडीच्या मोटरमधल्या चुंबकाकडे ओढले जातात आणि मोटर आतून घासली जाते. हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कच चाळून, चुंबकाने दोन-तीनदा साफ करून घ्यावी. कण येतच राहिले तर ती कच डोंगर रंगवायला ठेवावी आणि रुळांखाली संगमरवरी चुरा रंगवून घालावा. दाणा किती? रुळांखालची खरी खडी ५० मिमीच्या आसपास, एचओत जेमतेम अर्धा मिमी. रव्याच्या चाळणीतून पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील ती घ्यावी. कोरडी पसरून, ब्रशने स्लीपरच्या खाली बसवून, भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकलेलं पाणी फवारावं. मग फेव्हिकॉल आणि पाणी समसमान करून ड्रॉपरने सोडावं. साबण नसेल तर फेव्हिकॉलचे मणी होऊन खडी गोळा होते. सांध्याच्या हलत्या पातीजवळ हे मिश्रण गेलं की सांधा चिकटला. तिथे खडी कमी टाकावी. सुकायला मेमध्ये एक दिवस, जुलैत तीन.

डोंगरासाठी पूर्वी सगळे थर्माकोल वापरत. २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे हा विषय संपला, आणि खरं तर बरंच झालं. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणून तिच्यावर मेडिकलमध्ये मिळणारं प्लास्टर बँडेज पाण्यात बुडवून दोन थर अंथरले की पारसिकचा डोंगर अर्ध्या तासात उभा राहतो. मखर करणाऱ्यांच्या सवयीने कागदाचा लगदा खळीत कालवू नये. खळीला झुरळं आणि कसर लागते. पारसिकचा बोगदा १९१६ सालचा, १.३ किलोमीटर लांब. प्रमाणात घातला तर पंधरा मीटर होईल. आपल्याला फक्त त्याचं तोंड हवं. त्याच्या मागे यार्ड दडतं. ठाणे–वाशी मार्गच दाखवायचा असेल तर याहून चांगली सोय सिडकोने करून ठेवली आहे: वाशी, बेलापूरसारख्या स्थानकांवर गाडी इमारतीच्या पोटात शिरते. तशी एक इमारत यार्डावर ठेवली की काम झालं. फक्त तिचं छप्पर उचलता आलं पाहिजे, कारण गाडी नेमकी तिथेच घसरते. तिवरांसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी किंवा काथ्या हिरवा रंगवून वापरावा. चहाचा चोथा मातीसारखा उत्तम दिसतो, पण तो उन्हात पूर्ण वाळवून बोरिक पावडर मिसळल्याशिवाय घातला तर श्रावणात त्यावर पांढरी बुरशी येते. बुरशीवर मोरचूद हा घरगुती उपाय रुळांजवळ करू नये, धातू खराब होतो.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत मांडणीवर प्लास्टिक झाकलं जातं, आणि तिथेच घात होतो. आतला दमटपणा कोंडतो. जुनी सुती चादर टाकावी. गाडी डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. आठवड्यातून एकदा तरी दहा मिनिटं गाडी चालवावी. चालत्या गाडीचे रूळ उभ्या गाडीच्या रुळांपेक्षा स्वच्छ राहतात. पुसायला सुती कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, खिडकी उघडी ठेवून आणि वीज बंद करून. सँडपेपर नको, त्याने पडलेल्या चऱ्यांत घाण आणखी बसते. आणि रूळ पुसून चाकं तशीच ठेवली तर एका फेरीत सगळं पूर्ववत.

चालवण्याबद्दल एवढंच की हळू. सेकंदाला एक मीटर हा फरशीवरच्या संचाचा नेहमीचा वेग, एचओच्या हिशेबाने ताशी ३१३ किलोमीटर भरतो. वंदे भारतही तशी धावत नाही. ताशी ४० म्हणजे सेकंदाला १३ सेंमी. या वेगाने फलाटापासून यार्डापर्यंतच्या मधल्या टप्प्याला दहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात दिवे, रुळांचा खडखडाट, डब्यांचं झुलणं सगळं पाहून होतं. साध्या रेग्युलेटरवर गाडी इतकी हळू चालत नसेल तर पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून वेग सांभाळणारा) रेग्युलेटर लावावा. मोटर कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) असेल तर त्याची वारंवारता १५ किलोहर्ट्झच्या वर हवी, नाहीतर मोटर तापते.

ज्यांना हे आधी डोळ्यांनी पाहायचं आहे त्यांनी पुण्याला कोथरूडमधलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर पाहावं. तिथून परतल्यावर तेवढंच मोठं करायचा मोह आवरावा.

शेवटी एक विनंती आपल्या वृत्तपत्राला. या छंदाचं छायाचित्र छापताना खाली ‘खेळण्यातली आगगाडी’ असं लिहिलं जातं. त्याऐवजी प्रमाण आणि गेज छापावं: एचओ, १६.५ मिमी. वाचक दुकानात तेवढंच सांगू शकला तरी चुकीच्या मापाचे रूळ घरी येणार नाहीत. आणि खरेदी करायचीच असेल तर एप्रिलमध्ये गाडी घेऊ नये. एप्रिलमध्ये प्लायवूड घ्यावं, रंग द्यावा, पावसाळा त्याच्यावरून जाऊ द्यावा. दसऱ्याला फळी सरळ आहे का ते लेव्हलने बघावं, मग रूळ घालावेत. गाडी दिवाळीला.

आपले,
घरी रेल्वेची मांडणी करणारे काही वाचक,
ठाणे व ऐरोली